मोटार अपघातातील कायमचे अपंगत्व आणि त्याचे मोल : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात

१९ मार्च २०१३ रोजी पहाटे मुंबई-गोवा महामार्गावर खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून एक खाजगी आरामबस कोसळली आणि ३७ माणसे प्राणास मुकली. अशा घटनेची जी नोंद मागे राहते तीत मृतांचा आकडा स्पष्ट असतो; वाचलेल्यांची गणना मात्र ‘जखमी’ या एकाच शब्दाखाली होते. खरचटून घरी गेलेला आणि पाय गमावून घरी आणलेला, दोघेही तेथे सारखेच. कायद्याचा इतिहास पाहू गेल्यास त्यानेही दीर्घकाळ याहून फारसा निराळा विचार केला नाही, असे दिसून येते.

रत्नागिरी हा मूळचा समुद्रमार्गाचा जिल्हा. मुंबईची वाट आगबोटीची, आणि पावसाळ्यात तीही बंद. पुढे कशेडी, भोस्ते, परशुराम व आंबा या घाटांतून मोटारींची वाहतूक वाढत गेली, तसा सडकेवरील अपघात हा जिल्ह्याच्या जीवनाचा भाग बनला. तोवर इंग्रजी अमलातील कायद्याने मृताच्या कुटुंबाची काही सोय केलेली होती. १८५५ च्या प्राणघातक अपघातांविषयीच्या अधिनियमान्वये पत्नी, पती, आईबाप व मुले यांना भरपाई मागता येई. जो जगला, परंतु अधू होऊन जगला, त्याच्यासाठी मात्र असा स्वतंत्र कायदा नव्हता. त्याने दिवाणी न्यायालयात अपकृत्याचा दावा लावावा, मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी, आणि हे सर्व १९०८ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे एका वर्षाच्या आत करावे, अशी अपेक्षा होती. अंथरुणास खिळलेल्या कुळाकडून ती पुरी होणे किती दुर्घट होते, हे वेगळे सांगावयास नको.

शरीराच्या हानीचे कोष्टक प्रथम मांडले गेले ते कामगारांसाठी. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात अवयवागणिक टक्के ठरवून दिले होते : उजवा हात कोपरापासून वा त्यावर गेल्यास ७०, डावा गेल्यास ६०, पाय गुडघ्याखाली गेल्यास ५०, एक डोळा ३०, अंगठा २५. हे टक्के कमाईच्या शक्तीत आलेल्या घटीचे मानले जात. कोष्टकाने निकाल सोपा झाला खरा. परंतु कोणत्या माणसाचा हात, हा प्रश्न त्यात मावला नाही.

१९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला. तो भाग १ जुलै १९४६ पासून अमलात आला. तरी मोठ्या प्रवासी गाडीतील एकेका उतारूमागे विमेदाराची कायदेशीर जबाबदारी अवघ्या २,००० रुपयांची होती. १९५६ च्या दुरुस्तीने दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद केली, आणि दिवाणी दाव्याच्या मानाने ही वाट पुष्कळ सोपी ठरली. अर्ज करण्याची मुदत मात्र अपघातापासून ६० दिवसांची ठेवण्यात आली. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होई, हे खरे. परंतु गंभीर दुखापतीचे पहिले ६० दिवस रुग्णालयातच जातात आणि अपंगत्व कायमचे की तात्पुरते, हे तेव्हा डॉक्टरही सांगू शकत नाहीत. १९६९ च्या दुरुस्तीने ही मुदत सहा महिन्यांची झाली.

चालकाची हयगय शाबीत करण्याचे ओझे तरीही जखमी माणसावरच राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने एका लॉरीच्या अपघातात ते दूर करण्याचा प्रयत्न केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तो मत मान्य केले नाही. १९८२ साली संसदेनेच दोषनिरपेक्ष भरपाई आणली : मृत्यूस १५,००० रुपये, कायमच्या अपंगत्वास ७,५००. पुढे १९८८ च्या अधिनियमात हे आकडे २५,००० व १२,००० झाले, आणि १९९४ च्या दुरुस्तीने ५०,००० व २५,०००. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या नव्या कलमात मृत्यूस पाच लाख आणि जबर दुखापतीस अडीच लाख आहेत. रकमा वाढल्या, प्रमाण जवळजवळ तेच राहिले : अधू आयुष्याची किंमत मृत्यूच्या निम्मी. हे प्रमाण कोणत्या हिशेबाने आले हे समजणे कठीण आहे. कारण मृताचा खर्च थांबतो, अपंगाचा त्या दिवसापासून सुरू होतो.

१९९४ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. ठरीव सूत्राने भरपाई मागणाऱ्यांसाठी तिने कामगार कायद्याचे तेच कोष्टक मोटार अपघातांनाही लावले, आणि ज्यास उत्पन्न नाही त्याचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपये मानले. रत्नागिरीच्या दृष्टीने ही दुसरी बाब विशेष महत्त्वाची. गिरणीतील चाकरमान्याजवळ पगाराची चिठ्ठी असे. गावी भातशेती करणाऱ्या त्याच्या भावजयीजवळ आपल्या श्रमाचा एकही कागद नसे.

कोष्टकातील उणीव सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात नेमकी दाखविली. शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे अपंगत्व या दोन भिन्न गोष्टी असून, डावा हात गेलेला सुतार वा ड्रायव्हर कमाईस जवळजवळ सर्वस्वी मुकतो, तर कारकुनाची नोकरी टिकूही शकते, असे न्यायालयाने म्हटले. हे उदाहरण कोकणास सहज लागू पडते. माडावर चढून नारळ उतरविणारा पाडेली किंवा मिरकरवाड्याच्या बंदरातील खलाशी यांचा एक पाय गेला, तर प्रमाणपत्रावरील ५० टक्के हा निव्वळ वैद्यकीय आकडा ठरतो. त्यांचा धंदा पुरता बुडालेला असतो. त्याच जिल्ह्यातील आंब्याच्या दलालाचे तसे होईलच असे नाही.

सेवाशुश्रूषेचा खर्च याहून उशिरा हिशेबात आला. २०२० साली, पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात, १२ व्या वर्षी पूर्णतः परावलंबी झालेल्या मुलीस सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार रुपये दिले. दोन मदतनिसांचा खर्च तेथे एकरकमी अंदाजाने न धरता, उत्पन्नाप्रमाणेच गुणकाने मोजण्यात आला. न्यायाधिकरणाने प्रथम दिलेली रक्कम ११ लाखांच्या आसपास होती.

मुदतीचा प्रश्न मात्र फिरून तेथेच आला आहे. १९९४ साली अर्जाची मुदत काढून टाकण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. घाटात सापडलेल्या जखमीस बहुधा आधी रत्नागिरीस, मग कोल्हापूर, मिरज वा मुंबईस न्यावे लागते. हाड जुळून, शस्त्रक्रिया संपून, कायमच्या अपंगत्वाचे टक्के कागदावर येईपर्यंत त्या सहा महिन्यांतले किती उरतात, हे प्रत्येक अर्जदाराच्या प्रकृतीवर अवलंबून राहते.