ईर्षेचा इतिहास : कोल्हापूरच्या पेठा, तालमी आणि फुटबॉल

बागलाणात, मोसम नदीकाठच्या नामपूरसारख्या गावी मराठी शिकवताना 'ईर्षा' या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगायचा झाला तर आपण सरळ 'मत्सर, हेवा' असे सांगून मोकळे होतो. संस्कृतातून आलेल्या या शब्दाला दुर्गुणाचाच वास आहे. परंतु हाच शब्द कोल्हापुरात वेगळ्या अर्थाने वावरताना दिसतो. तिथला माणूस 'पोरं ईर्षेनं खेळली' असे म्हणतो तेव्हा ती निंदा नसते, शाबासकी असते. मत्सराचे रूपांतर पराक्रमात व्हावे, असा काहीसा अर्थ त्या शब्दाला तिथे चिकटला आहे. शब्दाचा अर्थ असा बदलतो तेव्हा त्यामागे एखाद्या समाजाचा दीर्घ अनुभव असतो. प्रस्तुत प्रकरणी तो अनुभव तालमींचा, पेठांचा आणि गेल्या काही पिढ्यांत मुख्यतः फुटबॉलचा आहे.

आमच्या भागात यात्रेतली कुस्ती सर्वांना ठाऊक, क्रिकेट तर गल्लोगल्ली. फुटबॉल मात्र अपवादानेच दिसतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी दोन पेठांमधील हौशी संघांचा सामना पाहायला हजारो लोक जमतात, हे इथल्या विद्यार्थ्याला सांगितले तर त्याला ते बंगालचे किंवा गोव्याचे वर्णन वाटते. ते कोल्हापूरचे आहे. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तिथल्या संघांची नावे. ती नुसती वाचली तरी एक गोष्ट ध्यानात येते. यांतील बहुतेकांच्या नावात 'तालीम' आहे. म्हणजे चेंडू आला तो मातीच्या आखाड्यात.

या तालमींचा इतिहास राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीला (१८९४ ते १९२२) वळसा घालून सांगता येत नाही. १९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमही पाहिले. तिथल्या प्राचीन क्रीडागारांवरून त्यांना खासबाग मैदानाची कल्पना सुचली असे सांगितले जाते. १९१२ साली हे मैदान खुले झाले. कोठूनही आखाडा दिसावा अशी त्याची रचना. त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभे राहिले, जे पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले गेले. नाटक आणि कुस्ती यांची भिंतीला भिंत असावी, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. कोल्हापूरचा प्रेक्षक घडला तो या दोन दारांतून आत-बाहेर करत.

तालीम ही केवळ व्यायामशाळा नव्हती. ती पेठेची चावडी होती, तरुणांचा अड्डा होती, सणांचे व्यवस्थापन करणारी संस्था होती. बाबूजमाल तालमीत गणपती बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो. अशी परंपरा तिथल्या इतरही तालमींत आढळते. म्हणजे जात आणि धर्म यांपेक्षा 'आमची तालीम' ही ओळख काही प्रसंगी तरी मोठी ठरे. पुढे मैदानावर दिसणारे वैर हे या ओळखीच्या पोटी जन्मलेले आहे. ते धर्माचे वा जातीचे वैर नाही, ते मुख्यतः भूगोलाचे वैर आहे. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यामध्ये नदी नाही, डोंगर नाही. तरीही पाटाकडीलचा मुलगा मंगळवार पेठेचा आणि शिवाजी तरुण मंडळाचा मुलगा शिवाजी पेठेचा, हे त्याला चालायला लागल्यापासून ठाऊक असते. रविवार पेठेतील दिलबहारचेही तसेच.

फुटबॉल इथे कसा रुजला? लष्कर, शाळा आणि संस्थानिकांचा आश्रय या तीन वाटांनी तो हिंदुस्थानात सर्वत्र पसरला, तसाच तो कोल्हापुरातही आला. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत त्याला राजाश्रय लाभला आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था १९४० च्या सुमारास उभी राहिली. 'केएसए' या अक्षरांनी ती ओळखली जाते. राजर्षी शाहू स्टेडियमवरील लीग तिच्याच अखत्यारीत खेळली जाते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. कुस्तीला लागणारा खुराक, वस्ताद, आखाड्याची देखभाल हा सगळा खर्चिक मामला. त्या तुलनेत एका चेंडूत बावीस पोरे खेळू शकतात. शिवाय कुस्तीत पेठेचा मान एकाच मल्लाच्या खांद्यावर असतो, तर फुटबॉलमध्ये तो अकरा जणांत वाटला जातो आणि गॅलरीतल्या प्रत्येकाला त्यात आपला वाटा आहे असे वाटते. तालमींनी फुटबॉल आपलासा केला त्यामागे हे एक कारण असावे, असे आमचे अनुमान आहे.

अशा वैरांना जगभर इतिहास आहे. कलकत्त्यात मोहन बागान (स्थापना १८८९) या संघाने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि प्रतिस्पर्धी गोरा होता. १९२० साली ईस्ट बंगाल क्लब निघाला आणि पुढच्या काळात तो प्रतिस्पर्धी घरातलाच झाला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची सारी वेदना त्या क्लबभोवती गोळा झाली. म्हणजे तिथल्या वैराला स्थलांतराची जखम आहे. कोल्हापूरच्या वैराला अशी कोणतीही जखम नाही. दोन्ही बाजूंची भाषा एक, जेवण एक, दैवत एक, नातीगोतीही एकमेकांत गुंतलेली. मामा एका पेठेत आणि भाचा दुसऱ्या पेठेत असणे ही तिथली सामान्य गोष्ट. तरीही सामन्याच्या दिवशी दोघे वेगवेगळ्या बाजूंना बसतात. कारणाशिवाय टिकलेले हे वैर इतिहासाच्या अभ्यासकाला म्हणूनच अधिक अवघड आणि अधिक रोचक वाटावे.

मात्र ईर्षेचे गुणगान करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्याच्या वेळी झालेल्या दंगलीत आणि चेंगराचेंगरीत सोळा प्रेक्षकांचा जीव गेला. कोल्हापुरातही हुल्लडबाजी, दगडफेक, सामन्यानंतर पेठेच्या तोंडाशी होणाऱ्या हाणामाऱ्या, त्यापायी थांबवावे लागलेले सामने आणि मोठा पोलीस बंदोबस्त हे सारे घडत आले आहे. यात भरडला जातो तो अठरा-वीस वर्षांचा मुलगा. एकदा गुन्हा नोंद झाला की नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. ज्या पेठेसाठी त्याने दगड उचलला ती पेठ त्या कागदावर सही करायला येत नाही. ईर्षा आणि खुन्नस हे दोन शब्द बोलताना शेजारी शेजारी येतात, पण त्यांच्यातले अंतर असे आयुष्यभराचे असते.

काळानुसार या वैराचे घटकही बदलले. राजकीय नेत्यांच्या नावे चषक सुरू झाले, बक्षिसांच्या रकमा वाढल्या, खेळाडूंची पळवापळवी होऊ लागली. काल आपल्या जर्सीत असलेला खेळाडू आज समोर उभा राहिला की गॅलरीला तो फितूर वाटतो. मग काही संघांतून आफ्रिकी खेळाडूही खेळू लागले. हजारो मैलांवरून आलेल्या मुलाने गोल केला तर तो गोल पेठेचा कसा? पेठेने हा प्रश्न फारसा मनावर घेतला नाही. तिने त्या मुलाला खांद्यावर उचलले. 'आपला' या शब्दाची व्याख्या आपण समजतो त्याहून लवचीक असते, हेच त्यातून दिसते. दुसरीकडे, याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, तेव्हा तो सर्व पेठांचा झाला.

प्रश्न उरतो तो लिहिण्याचा. मराठीत कुस्तीवर बरेच लिहिले गेले, क्रिकेटवर तर विपुल. पेठांच्या फुटबॉलला मात्र आपल्या ललित आणि वैचारिक वाङ्मयात त्याच्या आकाराच्या मानाने फारच थोडी जागा मिळाली. त्याचा खरा इतिहास वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांत आणि कट्ट्यावरच्या आठवणींत विखुरला आहे. आणि आठवणी पक्षपाती असतात. एकाच सामन्याची हकिगत दोन पेठांत दोन तऱ्हेने सांगितली जाते : इकडे तो न्याय्य गोल असतो, तिकडे तो ढळढळीत ऑफसाइड. धावफलक एकच, पण त्याची बखर दोन. बखरवाङ्मय शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवे काही वाटू नये. लढाई एक आणि तिच्या कैफियती अनेक, ही आपल्या इतिहासलेखनाची जुनीच रीत आहे. या दोन्ही बखरी शेजारी ठेवून वाचणे हेच अभ्यासकाचे काम.

ते काम लवकर व्हायला हवे. अनवाणी खेळलेले, मातीच्या मैदानावर गुडघे फोडून घेतलेले जुने खेळाडू थकत चालले आहेत. कोल्हापुरातील मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकेका पेठेत जाऊन त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि शक्य तर शिवाजी पेठेच्या मुलाने मंगळवार पेठेत जावे व तिथल्याने इकडे यावे. प्रतिस्पर्ध्याची बाजू त्याच्याच तोंडून ऐकून ती आपल्या हाताने जशीच्या तशी लिहून काढणे, यापेक्षा चांगला संस्कार कोणता? आम्हीही आता वर्गात 'ईर्षा' या शब्दापुढे 'मत्सर' लिहून थांबत नाही. त्याखाली दुसरा अर्थ लिहितो आणि कंसात 'कोल्हापूर' अशी नोंद करतो.