नकाशाचे स्तर आणि इतिहासाचा पुरावा

भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकास नकाशा हे साधन नवीन नाही. नवीन आहे ते नकाशावर नकाशा ठेवण्याचे सौकर्य. संगणकीय नकाशात बोलीरूपे, नद्या, जुने मार्ग, राज्यांच्या सीमा हे सर्व स्वतंत्र स्तर म्हणून जोडता येतात आणि हवे तेव्हा दाखविता वा झाकता येतात. एका स्तरावरील रेषा दुसऱ्या स्तरावरील रेषेशी जुळली म्हणजे एक दुसरीचे कारण असावी, असे अनुमान सहज सुचते. हे अनुमान कितपत ग्राह्य मानावे, याचा विचार करण्यास जर्मन बोलीभूगोलाचा इतिहास विशेष उपयोगी पडतो.

गेऑर्ग वेंकर याने १८७६ मध्ये उत्तर ऱ्हाईनलँडमधील शाळाशिक्षकांकडे ४२ वाक्ये पाठवून ती स्थानिक बोलीत लिहून मागविली. पुढे वाक्यांची संख्या ४० ठरली आणि जर्मन साम्राज्यातील चाळीस हजारांहून अधिक गावांची उत्तरे जमा झाली. त्यांवरून हाताने काढलेले रंगीत नकाशे इतके गुंतागुंतीचे होते की, त्यांचे मुद्रण परवडण्यासारखे नव्हते. मूळ नकाशे संग्रहातच राहिले. निवडक नकाशे तेवढे सुलभ रूपात १९५६ पर्यंत क्रमाक्रमाने छापले गेले.

या सामग्रीतून पुढे आलेले सर्वांत प्रसिद्ध दृश्य म्हणजे ‘ऱ्हाईनचा पंखा’. उत्तर व दक्षिण जर्मन बोलींना अलग करणाऱ्या भेदरेषा पूर्वेकडे परस्परांच्या निकट धावतात. ऱ्हाईन नदीजवळ मात्र त्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे फाकतात. ‘मी’ या अर्थाच्या ‘इक’ आणि ‘इख’ या रूपांची सीमा उर्डिंगेनजवळ नदी ओलांडते. ‘करणे’ या अर्थाच्या ‘माकेन’ आणि ‘माखेन’ यांची सीमा तिच्या दक्षिणेस बेनरातजवळ. ‘दोर्प’ व ‘दोर्फ’, तसेच ‘दात’ व ‘दास’ यांच्या सीमा त्याहूनही दक्षिणेस.

हेर्मान आउबिन, थेओडोर फ्रिंग्स व योझेफ म्युलर यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ऱ्हाईनलँडचा इतिहास, भाषा आणि लोकजीवन यांचा एकत्र विचार केला. बोलीच्या रेषा व जुन्या संस्थानांच्या सीमा शेजारी ठेवून फ्रिंग्सने असे प्रतिपादिले की, दक्षिणेकडील रूपे नदीमार्गाने उत्तरेकडे सरकत गेली. ट्रीर व कोलोन यांसारख्या केंद्रांचे वर्चस्व जेथवर पोहोचले, तेथवर ती रूपेही पोहोचली. स्तर जोडण्याची ही पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिने बोलीच्या अभ्यासास इतिहासाची जोड दिली हे तिचे श्रेय निःसंशय होय.

परंतु रुडोल्फ शुट्झाइखेल याने या प्रदेशातील मध्ययुगीन लेखांचे परीक्षण केले. दक्षिणेकडून उशिरा आलेली म्हणून मानलेली रूपे तेथे पुष्कळ आधी आढळतात, असे त्याच्या १९६१ च्या ग्रंथात दाखविले आहे. हे मान्य केल्यास उत्तरमध्ययुगीन सीमांनी तो ध्वनिबदल आणला असे म्हणता येत नाही. फार तर आधीच झालेल्या बदलाची मर्यादा त्यांनी स्थिर केली असेल. दोन्ही मतांचा नकाशा एकच आहे. निर्णायक ठरतो तो लेखांचा काळ.

मारबुर्ग येथे २००१ ते २००९ या काळात वेंकरचे मूळ नकाशे संगणकीय रूपात आणले गेले. अशा कामात कागदावरील ज्ञात स्थळे अक्षांश-रेखांशांशी जुळवून संपूर्ण चित्र पृथ्वीच्या पृष्ठभागाशी बांधावे लागते. त्यानंतरच त्यावर दुसरा स्तर ठेवता येतो. गावे बिंदूंनी, भेदरेषा रेषांनी आणि संस्थाने बंदिस्त क्षेत्रांनी दर्शविली जातात. येथेच सावधगिरी आवश्यक असते. १:१०,००,००० या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. पडद्यावर चित्र कितीही मोठे केले तरी मूळ रेषेची अचूकता वाढत नाही. शिवाय वेंकरच्या स्तरावर एकोणिसाव्या शतकातील शाळाशिक्षकांचे लेखन आहे. संस्थानांच्या स्तरावर त्याहून कित्येक शतके आधीची सत्ता आहे. दोहोंतील हे अंतर पडद्यावर दिसत नाही.

मराठीच्या अभ्यासकांपुढेही हाच प्रश्न आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यातील भाषकसंख्येचा आधार १८९१ ची जनगणना होती. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणाचे प्रकाशन १९६३ पासून सुरू झाले. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, १९०३ मध्ये मध्य प्रांताशी जोडले गेले, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाले. तेव्हा वऱ्हाडी बोलीचा स्तर यांपैकी कोणत्या सीमांवर ठेवावयाचा, हा प्रश्न तांत्रिक नसून ऐतिहासिक आहे. आजच्या जिल्ह्यांच्या सीमा हाताशी तयार असतात म्हणून त्या वापरल्या, तर उत्तर प्रश्नाआधीच ठरून जाते.

सारांश, प्रत्येक स्तरासोबत त्याचा काळ, त्याचे प्रमाण आणि माहिती कोणी व कशी मिळविली याची नोंद असणे अगत्याचे आहे. रेषा जुळणे ही शोधाची सुरुवात होय. कारण सिद्ध करण्यासाठी काळ निश्चित असलेल्या लेखांकडेच वळावे लागते.