गाण्याचे नाव, गाण्याचे गाव

पूर्वी कपाटभर जागा अडवणारे गाणे आता चिमटीत मावू लागले आहे. नखाएवढ्या चिपेवर हजारो गाणी राहतात. पण दिवाळीच्या पहाटे त्यांतले हवे ते एक काढू गेले, की सापडत नाही. एकच गाणे तीन ठिकाणी, गायकाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले, आणि पुष्कळांपुढे तर नुसते ‘ट्रॅक १’! ही अडचण नव्या यंत्राची वाटते खरी. पण ती ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे.

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. मुद्रिका तयार होत त्या जर्मनीतील हानोवर येथे. तेथल्या कारागिरांना ना हिंदी कळे, ना बंगाली. मग कोणते गाणे कोणाचे, हे ओळखावे कसे? म्हणून गाणे संपताच गायकाने आपले नाव पुकारावे, अशी चाल पडल्याचे सांगतात. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे. पण त्यांतलेही चार क्षण गौहरजान स्वतःच्या नावासाठी राखी.

पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यासच कारखाना निघाला. तबकडीवरच्या कागदी लेबलावर नाव छापलेले असे, आणि लेबलाजवळ लाखेतच एक क्रमांक उमटलेला असे. कागद फाटला, तरी क्रमांक राही. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ह्या संस्थेच्या संग्राहकांनी अशा खुणा जुळवून जुन्या गायकांच्या मुद्रिकांच्या याद्या सिद्ध केल्या.

कॅसेट आली आणि नाव लिहिण्याचे काम घरच्या माणसावर पडले. डबीतली चिठ्ठी हरवली, की आतले गाणे निनावी!

एमपी-थ्रीच्या फायलीतही आरंभी नावाला जागा नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प ह्याने तोड काढली. फायलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची एक पट्टी जोडायची, व तीत गाण्याचे व गायकाचे नाव लिहायचे. गौहरजानप्रमाणेच नाव पुन्हा गाण्याच्या शेवटी आले! मात्र नावास अवघी ३० अक्षरे, तीही रोमन लिपीच्या बेताची. देवनागरी घातली, तर कित्येकदा प्रश्नचिन्हेच उमटत. संगीताच्या मूळ ८० प्रकारांच्या यादीत नाट्यगीत नाही, अभंग नाही, लावणीही नाही. आमचा अभंग बिचारा ‘इतर’मध्ये जाऊन बसला. पुढच्या आवृत्तीत देवनागरीची सोय झाली. पण जुन्या फायली तशाच राहिल्या.

ह्यावर आता दुसरी वाट आहे. महिन्याला पैसे भरावेत आणि कंपनीच्या भांडारातले ऐकावे. नावे लिहिण्याचा त्रास नाही, जागेची चिंता नाही. तथापि ते गाणे आपले नव्हे. कंपनीचा हक्क संपला, की कालचे गाणे आज यादीतून नाहीसे होते. शिवाय घरात टेपवर घेतलेला आजीचा आवाज कोणत्या कंपनीच्या भांडारात मिळणार?

ह्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवँ ह्यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव, तिचे गाव आणि ओवीचा विषय टिपला. म्हणून आज एवढ्या ढिगातून नेमकी ओवी काढता येते.

आमच्या पिंपळगाव बसवंतहून द्राक्षांची पेटी परदेशी जाते, तिच्यावर मालाचा सारा पत्ता असतो. घरच्या गाण्याला निदान तेवढा मान द्यावा. गायकाचे नाव सर्वत्र एकाच तऱ्हेने लिहावे. ते फायलीच्या आत असावे, आणि एका साध्या वहीतही. नक्कल दोन निराळ्या जागी ठेवावी. आणि आरंभ करावा तो घरच्या आवाजांपासून. सिनेमाचे गाणे पुन्हा मिळेल. पण तो आवाज कोणाचा, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवरच त्याचे नाव लिहून घेता येईल.