रोजगार हमी : हक्क, दायित्व व अपहार

माण नदीच्या खोऱ्यातील सांगोला (जि. सोलापूर) या अवर्षणप्रवण तालुक्यात, जेथे पाऊस वारंवार दगा देतो, सरकारी कामावरील मजुरी ही खैरात नसून मजुराचा हक्क होय, हे तत्त्व महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, 1977 मुळे कायद्याने प्रस्थापित झाले. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी अधिनियमाने मागणीपासून पंधरा दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता असे ठरविले. मात्र काम दिल्याची सूचना मिळूनही पंधरा दिवसांत कामावर रुजू न होणाऱ्याचा भत्त्यावरील हक्क तीन महिने स्थगित केला, तरी काम मागण्याचा त्याचा अधिकार अबाधित राखला, हे विशेष न्याय्य होय. हजेरीपटावर खोटी नावे चढविणे हा या क्षेत्रातील खरा अपहार. त्यात लेखणी मजुराच्या हाती नसते, म्हणून 2005 च्या अधिनियमाच्या भंगाबद्दलचा एक हजार रुपयांपर्यंतचा दंड अगदीच तोकडा होता व फसवणुकीची फौजदारी कलमे व ग्रामसभेकडील सामाजिक अंकेक्षण यांचाच आधार घ्यावा लागे.