दमणगंगेच्या दोन्ही तीरांवर

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभं राहून मागच्या भिंतीवर, छताखाली पाहिलं की ब्राह्मी अक्षरांच्या लांबच लांब ओळी दिसतात. लेख उषवदाताचा, म्हणजे क्षहरात राजा नहपानाच्या जावयाचा. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. गायी दिल्या, गावं दिली, नारळाची झाडं दिली, अशी दानांची यादी वाचत जावं तर मध्येच सहा नद्यांची नावं येतात : इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा बांधल्या. सभा म्हणजे वाटसरूला टेकायला छप्पर, प्रपा म्हणजे पाणपोई.

यातली दमण ती आपली दमणगंगा. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते, दादरा-नगर हवेलीतून सिल्वासाच्या कडेने वाहत जाते आणि दमणला समुद्राला मिळते. एकट्याने गाडी घेऊन निघावं, गाडीतच झोपावं आणि रोज संध्याकाळी रात्रीपुरती चांगली जागा शोधावी, ही हौस आज नवी वाटते. गाडी नवी आहे खरी. रात्रीपुरत्या जागेचं कूळ मात्र जुनं आहे, आणि या मुलखात त्याचा माग त्या लेखापर्यंत जातो.

माझं मन अडतं ते 'दोन्ही तीरांवर' या तपशिलापाशी. दान करायचं म्हणून एका काठावर छप्पर घालून मोकळं होता आलं असतं. पण नदीला पाणी चढलं, नाव पलीकडे राहिली, अंधार पडला, की माणूस ज्या काठावर असेल त्याच काठावर अडकतो. हे ज्याला कळलं त्याने अडकलेला वाटसरू कधीतरी पाहिला असणार. सोपाऱ्याहून भडोचला जाणारा जुना व्यापारी रस्ता डहाणूची नदी, दमणगंगा, पार, तापी अशा नद्या ओलांडत जायचा. आज राष्ट्रीय महामार्ग ४८ याच पट्ट्यातून उत्तरेला जातो. पूल झाले म्हणून नद्या लक्षात येत नाहीत, एवढंच.

शहरांत उषवदाताने वेगळी सोय केली. भरुकच्छ (भडोच), दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग (सोपारा) या ठिकाणी मधे चौक आणि चारी बाजूंना खोल्या अशी उतरायची घरं बांधली. आणि खुद्द लेणं दिलं ते चारी दिशांकडून येणाऱ्या भिक्षुसंघासाठी, पाण्याच्या पोढ्यांसह, म्हणजे खडकात कोरलेल्या टाक्यांसह. गडावर मुक्काम करणारे भटके आजही आधी पोढी कुठे ते विचारतात, मग गुहा पाहतात. छप्पर नसलं तर रात्र निघते, पाणी नसलं तर निघत नाही.

पुढच्या शतकांत हे कूळ दोन शाखांत वाढलं. एक शाखा बांधलेल्या जागेची : सराई, मठ, देवळाची ओवरी, धर्मशाळा. अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थांवर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. सोय मोठी, पण ती सगळ्यांची नव्हती. धर्मशाळेत पाऊल टाकण्याआधी जात विचारली जायची, आणि पंढरीला पायी चालत आलेला अस्पृश्य वारकरी वाळवंटातच रात्र काढायचा. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली ती याच माणसांसाठी. नाशिक, देहू, आळंदी, मुंबई इथेही त्यांनी धर्मशाळा बांधल्या, स्वतः मात्र त्यांत राहिले नाहीत. पंढरपूरची ती वास्तू १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मुक्कामाच्या इतिहासात मला हे उषवदाताच्या दानाइतकंच मोठं वाटतं. जागा बांधणारे पुष्कळ झाले. दारात उभ्या असलेल्याला न विचारता आत घेणारे थोडे.

दुसरी शाखा लमाणांची. घर सोबत घेऊन फिरणं ही त्यांची रीत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडा घाटांवरून वर-खाली करायचा, बायकामुलांसकट. रात्री गोण्या उतरवून त्यांचीच भिंत रचायची, बैल भोवती बांधायचे, कुत्री मोकळी सोडायची. निवारा असा बरोबरच असे. तरीही संध्याकाळी तांड्याला जागा शोधावीच लागायची, कारण बैलांना गवत आणि पाणी लागतं आणि ते गाठोड्यात बांधून नेता येत नाही. आजच्या कॅरॅव्हॅनवाल्याची अडचण नेमकी हीच आहे. पलंग आहे, शेगडी आहे, दिवा आहे. पण टाकी भरायला नळ हवा, सांडपाणी सोडायला जागा हवी आणि रात्री कोणी दारावर काठी आपटून उठवू नये, एवढा जमिनीचा तुकडा हवा.

इंग्रजी अमदानीत डाकबंगला आला. खानसामा, नोंदवही आणि एक फार शहाणा नियम : चोवीस तास झाले आणि नवा प्रवासी दारात आला, तर आधीच्याने खोली सोडायची. १८६७ साली सराईंचा कायदा झाला. नोंदणी, साफसफाई, राखणदार ही मालकाची जबाबदारी ठरली. हे सगळं ब्रिटिश हद्दीत. मराठ्यांशी झालेल्या तहानुसार नगर हवेली १७८३ साली आणि दादरा १७८५ साली पोर्तुगिजांकडे गेलं होतं, आणि पोर्तुगीज दमणहून इथे यायचं तर मधली परकी जमीन ओलांडावी लागे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि मग सिल्वासा मुक्त केलं. पुण्या-मुंबईहून गेलेल्यांत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरेही होते. पोर्तुगाल पुढच्या वर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की १९५४ साली खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना मधल्या भारतीय जमिनीवरून जाण्याचा हक्क होता, सैन्याला आणि शस्त्रांना नव्हता; आणि भारताने त्या हक्काचा भंग केलेला नाही. वाटेच्या हक्काचा हा खटला जगभर शिकवला जातो. पण तो जाण्यायेण्याचा हक्क. रात्री थांबण्याची सोय कुठलंही न्यायालय देत नाही, ती त्या त्या ठिकाणच्या माणसांनीच द्यावी लागते.

आज इथे चाकांवरच्या घरात एकटा राहणारा माणूस म्हणजे ट्रकचालक. मसाट, पिपरिया, नरोलीच्या कारखान्यांत माल भरायला आलेल्या गाड्या रात्री रांगेने उभ्या दिसतात. पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा, चालक झोपला तरी एक डोळा जागा राहायचा. आता कितीतरी गाड्यांवर एकच माणूस असतो, त्यामुळे जागा निवडणं हे कसब झालं आहे. आधीच चार गाड्या उभ्या आहेत असाच ढाबा बघायचा. डिझेलची टाकी भिंतीच्या बाजूला येईल अशी गाडी लावायची, म्हणजे रात्री नळी घालायला कोणाचा हात शिरत नाही. तोंड रस्त्याकडे ठेवायचं, पहाटे मागे घेण्याची खटपट नको. जेवण ढाब्यावरच घ्यायचं. मग गाडी लावण्याचे पैसे कोणी मागत नाही, बाज मिळते, हौदावर अंघोळ होते. हा व्यवहार कुठेही लिहिलेला नाही, आणि धर्मशाळेचा आजचा खरा वारस मला ढाबाच वाटतो.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरॅव्हॅनची नोंदणी, त्यांच्यासाठी पार्क, गुंतवणाऱ्यांना सवलती, असं त्याचं स्वरूप आहे. चांगलं आहे, पण पार्क म्हणजे सहलीचं ठिकाण; महामार्गावर रात्री अकराला डोळे मिटायला लागलेल्याची गरज वेगळी असते. ती भागवायला आज पेट्रोल पंप पुढे आले आहेत. पाणी, हवा आणि स्वच्छतागृह फुकट देणं पंपांवर बंधनकारक आहे, आणि तेल कंपन्यांनी मोठ्या पंपांवर चालकांसाठी न्हाणीघरं आणि झोपायच्या खोल्या बांधल्या आहेत. त्या खोल्या पुरुषांचा विचार करून बांधलेल्या. व्हॅन घेऊन एकटी निघालेली बाई तिथे खोली मागत नाही. ती डिझेल भरते, पैसे देते आणि मॅनेजरला विचारते, रात्रभर गाडी आवारात ठेवली तर चालेल का? बरा माणूस भेटला तर तो राखणदाराला हाक मारतो आणि कॅमेऱ्याखालची, स्वच्छतागृहाजवळची जागा मोकळी करून द्यायला सांगतो. ही जागा मॅनेजरच्या मर्जीवर न ठेवता प्रत्येक मोठ्या पंपावर पट्टे मारून, पाटी लावून राखून ठेवावी. त्याला फार तर दोन गाड्यांपुरती फरशी आणि एक दिवा लागेल.