पाहणाऱ्या डॉक्टरचा हात : इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी आणि कर्करोग

बंगळूरच्या होसूर रस्त्यावर दोन मोठ्या सार्वजनिक संस्था शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिली किडवाई स्मारक कर्करोग संस्था. तिची स्थापना १९७३ सालची. शहरातील कर्करुग्णांची लोकसंख्येवर आधारित नोंद तेथे १९८२ पासून ठेवली जाते. दुसरी ‘निम्हान्स’, मन आणि मज्जासंस्था यांच्या विकारांसाठीची संस्था; ती १९७४ मध्ये आजच्या रूपात आली. निम्हान्सच्या प्रतिमाचित्रण विभागाच्या नावातच ‘इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी’ हे शब्द आहेत. रेडिओलॉजी म्हणजे शरीराच्या अंतर्भागाची प्रतिमा पाहून निदान सांगणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. मग पाहणाऱ्याच्या कामाला ‘हस्तक्षेप’ हा शब्द कधी जोडला गेला, आणि कर्करोगाशी त्याचे नाते कसे जडले?

या बदलाची पूर्वतयारी स्वीडनमध्ये झाली. स्वेन-इव्हार सेल्डिंगर या तरुण रेडिओलॉजिस्टने १९५३ मध्ये एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. सुईने धमनीत शिरायचे, सुईतून लवचीक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि त्याच तारेवरून नलिका सरकवायची. मोठा छेद न घेता धमनीत शिरण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. तरीही उद्देश एकच होता: रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र घेणे. उपचार शल्यचिकित्सकाने करायचे.

ही सीमारेषा ओलांडली ती अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याच्या वैद्यकीय विद्यालयातील चार्ल्स डॉटर यांनी. वयाच्या ३२ व्या वर्षी, १९५२ मध्ये, ते तेथे विभागप्रमुख झाले आणि अखेरपर्यंत त्याच पदावर राहिले. १९६३ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील एका परिषदेत त्यांनी मांडले, की निदानाची ही नलिका शल्यक्रियेचे साधनही होऊ शकेल. १६ जानेवारी १९६४ रोजी ते प्रत्यक्षात आले. पाऊल सडू लागलेल्या ८२ वर्षांच्या एका स्त्रीला पाय कापण्याचा सल्ला मिळाला होता आणि तिने तो नाकारला होता. डॉटर यांनी तिच्या मांडीतील अरुंद झालेली धमनी तार व नलिकांच्या साहाय्याने रुंद केली. पाय वाचला, पुढे मृत्यूपर्यंत, दोन वर्षांहून अधिक काळ, ती स्वतःच्या पायांवर चालत होती.

शल्यचिकित्सकांना हे सहजासहजी रुचले नाही. डॉटर यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाच्या चिठ्ठीवर तर स्पष्ट बजावलेले होते, की केवळ चित्र घ्यावे, दुरुस्तीचा प्रयत्न करू नये. ‘इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी’ हे नाव १९६७ मध्ये अलेक्झांडर मार्गुलिस यांनी दिले. परंतु नावापेक्षा महत्त्वाचा होता डॉटर यांनी १९६८ मध्ये आपल्याच सहकाऱ्यांना दिलेला इशारा. रुग्णाची वैद्यकीय जबाबदारी स्वीकारली नाही, तर रेडिओलॉजिस्ट म्हणजे केवळ महागडे नळ-कारागीर ठरतील, आणि यंत्रे व कौशल्य इतरांनी मिळवले की त्यांचे क्षेत्रही हातचे जाईल, असा त्याचा आशय होता. पुढे डॉटर यांना स्वतःलाच हॉजकिन लिम्फोमा हा कर्करोग झाला. किरणोपचार घेऊनही त्यांनी काम थांबवले नाही. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले.

कर्करोगाच्या उपचारात या विचाराची खरी कसोटी यकृतावर लागली. यकृताला दोन वाटांनी रक्त मिळते. निरोगी यकृताला सुमारे तीन-चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून येते, तर यकृतातील कर्कगाठ आपले रक्त मुख्यतः यकृत-धमनीतून घेते. म्हणजे धमनीची नेमकी शाखा अडवली तर गाठ उपाशी राहते आणि उरलेले यकृत तगून राहते. जपानमधील ओसाका येथे र्यूसाकू यामादा यांनी हेच तत्त्व वापरले. शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या १२० रुग्णांवरील अनुभव त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. नलिकेतून कर्करोगविरोधी औषध थेट गाठीच्या धमनीत सोडायचे आणि पाठोपाठ ती धमनी बंद करायची, अशी ही पद्धत. २००२ मध्ये बार्सिलोना आणि हाँगकाँग येथील यादृच्छिक चाचण्यांनी दाखवून दिले, की निवडक रुग्णांचे आयुष्य तिने वाढते. ‘निवडक’ हा शब्द येथे कळीचा आहे. ज्याचे यकृत आधीच निकामी होत आले आहे, त्याला हाच उपचार घातक ठरू शकतो. कोणावर उपचार करायचे आणि कधी थांबायचे, हे ठरवण्यासाठी नुसती प्रतिमा पुरत नाही. रुग्ण तपासावा लागतो. डॉटर यांच्या इशाऱ्याचा अर्थ हाच होता.

त्यानंतरची पायरी भौतिकशास्त्राची. बाहेरून किरण देताना संपूर्ण यकृताला मोठी मात्रा सोसत नाही. म्हणून किरणांचा स्रोतच गाठीत पोहोचवला जातो. इट्रियम-८९ असलेल्या काचेचे २० ते ३० मायक्रोमीटर व्यासाचे सूक्ष्मगोल अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवले, की त्यातील काही इट्रियमचे इट्रियम-९० होते. नलिकेतून यकृत-धमनीत सोडलेले हे गोल गाठीच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. त्यांतून बाहेर पडणारे बीटा कण ऊतींमध्ये सरासरी अडीच मिलिमीटर आणि जास्तीत जास्त सुमारे ११ मिलिमीटर जातात. त्यामुळे गाठीला भरपूर मात्रा मिळते आणि थोड्या अंतरावरील पेशी बचावतात. उपचाराआधी टेक्नेशियम-९९एमने चिन्हांकित केलेले प्रथिनकण सोडून पाहिले जाते, की गाठीतून फुप्फुसाकडे गळती किती होते. गळती अधिक असेल तर उपचार थांबवावा लागतो.

इट्रियम-९० चे अर्धायुष्य सुमारे ६४ तास. परदेशातून निघालेली कुपी वाटेत ६४ तास राहिली, तर तिची अर्धी किरणोत्सारिता संपलेली असते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने असे सूक्ष्मगोल देशातच विकसित केले, ‘भाभास्फिअर’ या नावाने. त्याचे महत्त्व या साध्या गणितात आहे. अंतर कमी झाले की वाया जाणारी मात्रा कमी होते, आणि रुग्णाला तारीख देणे सोपे जाते.

या उपचाराच्या टेबलाभोवती आज रेडिओलॉजिस्टबरोबर न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर, कर्करोगतज्ज्ञ आणि मात्रेचे गणित करणारे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ उभे असतात. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेच्या पलीकडे पाहायचे ठरवले, तर कर्करोग रुग्णालयाचा किरणभौतिकी विभाग हे कामाचे खरेखुरे ठिकाण आहे. तेथे क्षय-नियमाच्या समीकरणात वेळ चुकली, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.