चूर्णाचं आयुष्य

पाकिटावर छापलेली तारीख बघून औषध ठेवायचं की टाकायचं ते ठरवायची आपल्याला सवय झाली आहे. छापखाने नव्हते तेव्हा हे कसं ठरवत असतील?

शार्ङ्गधरसंहितेत (तेरावं-चौदावं शतक) याचा चक्क हिशोब मांडलाय. वनस्पती आहे तशी ठेवली तर वर्षभर गुण टिकतो, गोळ्या आणि अवलेह वर्षभर टिकतात, पण चूर्ण मात्र दोनच महिन्यांत हीनवीर्य होतं! उलट आसवं जितकी जुनी तितकी चांगली. सगळ्या वस्तू ताज्या घ्याव्यात, पण वावडिंग, पिंपळी, गूळ, मध जुने चालतील, असंही हा ग्रंथकार सांगतो.

चूर्णावरच एवढा राग का? कारण साधं आहे. कुटून वस्त्रगाळ केलं की एका मुळीचे असंख्य कण होतात, आणि प्रत्येक कणाला हवा लागते. सुंठीचा वास उडतो तो त्यातलं तेल उडून जातं म्हणून. लवणभास्करासारख्या मीठवाल्या चूर्णाचे पावसाळ्यात गोळे होतात, ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतल्यामुळे.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधांच्या कोठाराचं वर्णन आहे. दार पूर्वेला किंवा उत्तरेला, आग, पाणी, ओल, धूर, धूळ, उंदीर नि जनावरं यांपासून लांब, आणि औषधं नीट झाकून शिंक्यावर टांगलेली. होय मंडळी, आपलं दही-लोण्याचं शिंकंच!

आता आपल्याकडची बाळगुटी आठवा. हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग सगळं अख्खं. लागेल तेव्हा सहाणेवर वेढे द्यायचे, बाकीचं पुसून, वाळवून परत डब्यात. म्हणजे पूड साठवायचा प्रश्नच नाही. शार्ङ्गधर न वाचलेल्या आज्या-पणज्यांनी त्याचा हिशोब पाळला होता.

आज कारखान्यातली पूड हवाबंद येते, त्यामुळे छापील मुदत महिन्यांची नव्हे, वर्षांची असते. पण ती बंद डब्याची. झाकण उघडलं की जुनं गणित सुरू. म्हणून परदेशी निघालेल्या भाचरांना किलोभर त्रिफळा बांधून देणाऱ्या समस्त मावश्या-आत्यांना नम्र विनंती: लहान पुड्या द्या, काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, उन्हापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवायला सांगा. चमचा कोरडा हवा. वास गेला, रंग बदलला, जाळी धरली तर टाकून द्या.

माया वर्षानुवर्षं टिकते हो, चूर्ण नाही टिकत.